छपरावरचा घास

मोरोगोरो, टांझानिया
२५ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप पंढरीदादास अनंताचा साष्टांग नमस्कार.

अठरा वर्षांनी माझे अक्षर पाहून तू चष्मा काढून पुसशील, म्हणून आधीच सांगतो, हे पत्र मीच लिहीत आहे. फोन करता आला असता. परंतु तुला पूर्वीच डाव्या कानाने कमी ऐकू येत असे आणि उजव्या कानाने तू ऐकून घेत नसायचास. शिवाय माझा आवाज बदलला आहे, अक्षर बदललेले नाही.

धसईच्या गिरणीत भात सडायला शिकलो आणि तेवढ्या विद्येवर १९८६ साली या देशात आलो. पाच वर्षांत परत ये, असे तू बजावले होतेस. एकोणचाळीस झाली. २००७ साली आई गेली तेव्हा ऐन हंगाम होता, गिरणीचा मुख्य दांडा मोडला होता, आणि मी आलो नाही. माझ्या जागी तू, चुलत भाऊ असून, तिला अग्नी दिलास. नंतर तुझे जे पत्र आले त्याची शेवटची ओळ होती : ‘आजपासून तू आम्हांला मेलास.’ ते पत्र माझ्या पेटीत आहे. मी त्याचा राग धरला नाही, मान ठेवला. मेलेल्या माणसाने पत्रे लिहू नयेत, म्हणून लिहिली नाहीत.

आता गिरणी विकली गेली आहे, नव्या मालकाला काम समजावून देण्यापुरता मी तिथे जातो. लग्न करायचे राहून गेले, त्यामुळे मला थांबवणारे कोणी नाही. वय चौऱ्याहत्तर. हाडे इकडे पडावीत असे वाटत नाही. ९ जानेवारीला मुंबईत उतरतो. परतीचे तिकीटही २२ फेब्रुवारीचे काढून ठेवले आहे. तू आणि गावाने मला ठेवून घेतलेत तर ते फाडून टाकीन. नाही तर निमूटपणे परत येईन, इथली खोली मी सोडलेली नाही.

एकदाच विचारतो. मला घरी येऊ देशील?

तुझा
अनंता

*

॥ श्री ॥

धसई, तालुका मुरबाड
२३ सप्टेंबर २०२५

अनंता यास पंढरीनाथाचे सप्रेम स्मरण.

तुझे पत्र शनिवारी दुपारी आले. त्या वेळी मी सूनबाईला दुसऱ्या दिवशीच्या वड्यांचे पीठ कसे दळून आणावे ते सांगत होतो. रविवारी आमच्याकडे तुझ्याशीच संबंधित असा एक स्वयंपाक व्हायचा होता. पत्र वाचले आणि मी ओटीवर बसलो. तो स्वयंपाक आता करावा की न करावा, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. अशा प्रसंगाचा विचार पूर्वसूरींनी केलेला आहे, एवढे अंधुक आठवत होते. पण ग्रंथ माळ्यावर होता आणि शिडी शेजाऱ्यांकडे होती. म्हणून तूर्त स्वयंपाक केला.

तू विचारतोस, येऊ देशील का. अनंता, या घरात तुझे स्मरण नाही असा एक दिवस जात नाही. तुझा फोटो ओटीवर, दक्षिणेच्या भिंतीला आहे. मी तो रोज स्वतःच्या हाताने पुसतो. वर्षातून एकदा तुझ्या आवडीचे वडे, तांदळाची खीर आणि अळूवडी होते, आणि तुझ्या वाटणीचा घास इतर कोणाच्याही आधी काढला जातो. तो घास ठेवल्या जागी फार वेळ राहत नाही, यावरून तो पोचतो असे मी आजवर मानत आलो.

तेव्हा ये. मात्र काही पथ्ये आहेत. थेट धसईला येऊ नकोस. प्रथम खर्डीला गुणाबाईकडे उतर. ती तुझी सख्खी बहीण, तिचा हक्क पहिला. बाजाराच्या दिवशी तर धसईत मुळीच दिसू नकोस. आणि अलीकडचा एक फोटो पाठव. तो उभ्याने काढलेला असावा आणि त्यात पावले स्पष्ट दिसावीत.

शुभचिंतक
पंढरीनाथ विशे

*

मोरोगोरो
१६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. पंढरीदादास सा. नमस्कार.

तुझे पत्र गिरणीच्या आवारात वाचले आणि भुशाच्या ढिगाआड जाऊन डोळे पुसले. अठरा वर्षे या देशात माझ्या नावाचा घास कोणी बाजूला काढला नाही. आजारी पडलो तर पहारेकरी उकडलेली केळी आणून देई, तीही निम्मी स्वतः खाऊन. आणि तिकडे तू, ज्याने मला मेला म्हटले, तो माझा फोटो रोज पुसतोस. तुझ्या त्या एका ओळीवर मी किती अन्याय केला.

फोटो सोबत आहे. पावले दिसावीत म्हणून चपला काढल्या. पहारेकऱ्याने विचारले, तुमच्या देशात माणसे पायांवरून ओळखतात का.

काही शंका मात्र मनात आहेत. लहानपणापासून तुझे प्रत्येक पत्र ‘चि. अनंता’ असे सुरू होई. रागाच्या त्या पत्रावरही ‘चि.’ होते. या वेळी ते नाही. कागद संपत आला म्हणून म्हणावे, तर ते पहिल्याच ओळीत लिहायचे असते. आणि खर्डीला का उतरायचे? गुणाबाईला मी भेटेनच, पण धसईला कोणापासून लपायचे आहे?

निघताना मी तुझ्याकडे काही वस्तू ठेवल्या होत्या : बाबांची लाकडी बाज, माझी घोंगडी, पितळी तांब्या आणि लाकडी मुठीची काळी छत्री. त्या असतील तर झटकून ठेव. त्याच बाजेवर झोपावे असे फार दिवस मनात आहे.

तुझा
अनंता

*

॥ श्री ॥

धसई
५ नोव्हेंबर २०२५

अनंता यास स. स्मरण.

फोटो मिळाला. पावले उत्तम आहेत, पुढच्या दिशेलाच आहेत. सूनबाईने व मी भिंगाने खात्री करून घेतली.

‘चि.’ लिहिण्याचा अधिकार मला तूर्त नाही. असे का, हे पत्रात लिहिण्याजोगे नाही. जे अक्षर लिहिताना मनात किंतु असतो ते लिहू नये, एवढेच समज. तसेच त्याच्या उलट अर्थाचे अक्षरही लिहिता येत नाही, कारण तू पत्रे पाठवतोस. मी दोहोंच्या मध्ये अडकलो आहे.

वस्तूंविषयी विचारलेस. बाज, घोंगडी, तांब्या आणि छत्री या चारही वस्तू सत्पात्री गेल्या. घेणाऱ्यांनी त्या आदराने घेतल्या आणि तृप्त होऊन आशीर्वाद दिले. त्या परत मागणे शास्त्राला धरून नाही.

तुझ्या वाट्याचे ओढ्याकाठचे शेत मी आमचा गडी वाल्मिक याच्या हाताने लावून घेतो. यंदा भात चांगले आले, लोंब्या जमिनीला टेकल्या होत्या. त्याच भाताचे तांदूळ मागच्या पत्रात सांगितलेल्या खिरीत असतात.

तुझ्या येण्यात एक शास्त्रीय अडचण आहे. ती मीच उत्पन्न केली आहे आणि तिचा परिहारही मीच शोधतो आहे. माळ्यावरचा ग्रंथ खाली आणला. नेमकी तीच पाने वाळवीने खाल्ली आहेत. तू आलास म्हणजे समोरासमोर सांगेन. तोवर मनात काही आणू नकोस.

पंढरीनाथ

*

मोरोगोरो
२७ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. पंढरीदादास.

मनात काही आणू नकोस असे लिहिलेस, तेव्हापासून मनात दुसरे काही येत नाही.

माझी बाज गेली, तांब्या गेला, छत्री गेली. शेताची गोष्ट तू सहज केल्यासारखी केलीस. गावात मी दिसू नये. अडचण तूच उत्पन्न केलीस. मी गिरणीवाला आहे दादा, पोथी वाचणारा नाही; पण दाणा आणि कोंडा वेगळा करणे हेच मी आयुष्यभर केले. ते शेत तू तुझ्या नावावर करून घेतलेस, हेच ना?

करून घेतले असशील तर घे. आईचे तू केलेस, शेत तुझे झाले. मला त्यातली मूठभर मातीही नको. पण हे चार सरळ शब्दांत लिहायला तुला शास्त्र आडवे यावे, याचे वाईट वाटते. याच मजकुराचे पत्र गुणाबाईला खर्डीला टाकत आहे. डिसेंबरअखेर खरे उत्तर आले नाही, तर जातानाचे तिकीटही रद्द करीन.

अनंता

*

खर्डी, तालुका शहापूर
१८ डिसेंबर २०२५

अनंता,

मी गुणाबाई बोलते आनि माजी नात शीतल लिवते. ती बोलते आजी, शुद्ध सांग. मी बोलले जसं तोंडातून येल तसं लिव, भाऊ माजा हाय, परीक्षा नाय.

तुजं पत्र आलं. पंढऱ्याचं पन त्याला आलं. तो ते घेऊन काल इकडं आला. ओट्यावर बसला. चहा दिला तं नको, पानी दिलं तं नको. बोलला, गुणे, तो बोलतो मी शेत खाल्लं. आनि अठ्ठ्याहत्तर वर्सांचा मानूस पदर नाय म्हनून टोपीनं डोळं पुसत बसला. शेत तुज्याच नावावर हाय, मी स्वता सातबारा बघलाय. त्याला बोलले, मंग खरं काय ते लिव ना. बोलला, माजा हात उचलत नाय. मंग मी बोलले मी लिवते. आता बस खाली आनि वाच.

तू मेलास.

सहा वर्सं झाली. बारा वर्सं तुजं पत्र नाय आलं तवा पंढऱ्यानं पोथ्या काढल्या. पोथीत लिवलंय म्हनं, बारा वर्सं खबर नाय तं मानूस गेला समजायचा आनि पळसाच्या देठांचा मानूस करून जाळायचा. तीनशे साठ देठं, डोक्याला नारळ. नदीवर नेला, जाळला. दहावा केला, तेरावा केला, गाव जेवला. मी नाय गेले. मी बोलले माजा भाऊ जिता हाय, पळसाचा नाय. तवापासून तीन वर्सं मी पंढऱ्याशी बोलले नाय.

दहाव्याला कावळा शिवला नाय. दुपार टळली तरी नाय. पंढऱ्यानं गवताचा कावळा केला आनि त्याला शिववला. आता जिता मानूस असंल तं कावळा कसा शिवंल रे? कावळ्याला समजलं, पंढऱ्याला नाय. तो बोलतो दर वर्साला घास छपरावर ठेवतो तो जातो. जातो ना. शेजारच्या कोंबड्या चढतात. मी बघल्यात.

तुजी बाज भटजीला गेली, छत्री भाजीवाल्या कमळूला गेली. तुज्या फोटोला चंदनाचा हार हाय. म्हनून तो तुला येऊ देत नाय धसईला, लोकं घाबरतील.

तू ये. तिकीट रद्द केलंस तं मी तिकडं येन आनि कानफाड फोडीन. शीतल बोलते कुरियरनं पाठवू, लवकर जातं.

गुणाबाई

*

खर्डी
१२ जानेवारी २०२६

ती. स्व. पंढरीदादास कै. अनंताचा नमस्कार.

शुक्रवारी उतरलो. शेताविषयी जे लिहिले ते मागे घेतो आणि त्याबद्दल तुझे पाय धरतो. बाकीचे कसे घ्यावे, ते मला अजून उमगलेले नाही. गुणाबाईचे पत्र तिकडे वाचले तेव्हा प्रथम खूप हसलो. मग पहारेकऱ्याला सांगितले की मी सहा वर्षांपूर्वी वारलो. त्याने विचारले, मग आजची सुट्टी कोणत्या कारणाने लिहू?

काल बाजाराचा दिवस होता. तुझी आज्ञा मोडून मी धसईला आलो. बाजारात कमळू भाजी घेऊन बसला होता, माझ्याच छत्रीच्या सावलीत. मूठ तीच आहे. कापड त्याने नवे घातले आहे. त्याने माझ्याकडे पाहिले, नंतर माझ्या पायांकडे पाहिले, आणि बराच वेळ वांगी उगाच इकडची तिकडे लावली. मग हळूच म्हणाला, “अनंताशेट, तिकडं माजा बापूस भेटला का?” मी म्हटले, नाही बाबा. तो म्हणाला, “तो असाच हाय. कुनाकडं जायाचा नाय, यायाचा नाय.” आणि माझ्या पिशवीत पावशेर मिरच्या टाकल्या. तेराव्याला जेवलो होतो, म्हणाला.

तेथून तुझ्या घरापर्यंत आलो. समोरच्या चिंचेखाली उभा राहिलो. दार उघडे होते. तू पोथी वाचत होतास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तुझ्या डोक्यावर, भिंतीवर, हार घालून मी होतो. पस्तीस वर्षांचा, फारच देखणा. त्याच्यापुढे उदबत्ती लावलेली होती. मला आत यायचे होते दादा. पाऊलही उचलले. पण एका घरात दोन अनंता कसे राहतील, आणि त्यातला तुझा कोणता, ते कळेना. मी मुरबाडच्या बसमध्ये चढलो.

तू मला मेला म्हणालास, ते रागाने. ते समजते. पण बारा वर्षे थांबून, राग निवाल्यावर, शांतपणे पळसाची देठे मोजलीस, ते का? तेवढे सांग. परतीचे तिकीट खिशातच आहे.

अनंता

*

॥ श्री ॥

धसई
१५ जानेवारी २०२६

अनंता यास.

तू चिंचेखाली उभा होतास आणि मी मान वर केली नाही. या एका अपराधाला प्रायश्चित्त सापडत नाही. बाकीच्यांना आहे.

तू विचारलेस ते सांगतो. तुझी वार्ता नाहीशी होऊन बारा वर्षे झाली त्या वैशाखात मी विहिरीवर स्नान करीत होतो. मी वाचलेले होते की ज्याला कोणी पाणी दिले नाही तो प्रेतरूपाने तहानलेला भटकतो. वाचून साठ वर्षे झाली होती, पण त्या दिवशी पोहरा हातात असताना वाटले, अनंता कोठेतरी तहानलेला असेल आणि पाणी देणारे या जगात मी सोडून कोणी नाही. तुला मेलास म्हणणारा मीच होतो. आता तू खरोखरच गेला असशील तर माझ्या त्या शब्दानेच गेलास, असेही वाटले. त्या रात्रीपासून मला पाणी गोड लागेना. गुणाबाई म्हणते मी तुला मारले. माझ्या समजुतीने मी तुला पाणी पाजत होतो.

देठे मोजताना दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा वाल्मिकने मोजली.

आता परिहार. वाळवीने खाल्लेली पाने मला शहापुरात एका सद्गृहस्थांच्या संग्रहात मिळाली. ज्याची उत्तरक्रिया झाली तो परत आला, तर त्याला पुन्हा जन्म द्यावा, असे स्पष्ट वचन आहे. त्याला तुपाच्या घागरीत ठेवावे, बाहेर काढून न्हाऊ घालावे, जातकर्म करावे, नाव ठेवावे. विवाहित असल्यास स्वतःच्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. तू तो भाग आधीच वाचवून ठेवला आहेस.

ज्याच्या हातून पुनर्जन्म होतो तो पित्याच्या ठिकाणी. म्हणून पिता मी. गुणाबाई माझी बहीण, म्हणून ती तुझी आत्या. कानात नाव सांगण्याचा मान तिचा. यात कोठेही विसंगती नाही, मी तीन वेळा पडताळून पाहिले. रविवारी, २५ तारखेला, रथसप्तमी आहे. सूर्यनारायणाचा जन्मदिवस. याहून चांगला मुहूर्त तुला मिळणार नाही.

गावासमोर तू मेलास. गावासमोर जन्म घे. माझी एवढी विनंती मान्य कर.

पंढरीनाथ

*

खर्डी
१८ जानेवारी २०२६

ती. स्व. पंढरीदादास सा. न.

पाण्याची गोष्ट वाचली. गुणाबाईलाही वाचून दाखवली. तिने उठून चुलीवरचे उगाच ढवळले.

मी जन्म घेण्यास तयार आहे. माझ्या अटी येणेप्रमाणे. माझे वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. एवढी घागर मुरबाड तालुक्यात नाही आणि असली तरी ती भरायला जितके तूप लागेल तितक्यात गाव वर्षभर जेवेल. लग्नाच्या आंघोळीचे मोठे घंगाळ आण. त्यात बसेन, आणि तूप डोक्यावर एक पळी. दुसरे, मला पाळण्यात घालायचे नाही. तुझ्या ओटीवर झोपाळा आहे तो चालेल. तिसरे, टोपडे बांधणार नाही. चौथे, तुला बाबा म्हणणार नाही. तू माझ्या वाटणीचे पेरू खाल्लेले मला अजून आठवतात. बाप असे करीत नाही.

तो दुसरा भिंतीवरून उतरेपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही.

अनंता

*

खर्डी
१९ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. पंढरीदादास सा. न.

बारशाला आज पंचवीस दिवस झाले. गुणाबाईने मला हट्टाने इकडे आणले, तेव्हापासून ती मला दिवसातून चार वेळा खायला घालते आणि नवजाताने तिखट खाऊ नये म्हणते. त्या रविवारी सारे गाव तुझ्या अंगणात उभे होते. घंगाळातून मला उठवायला चौघे लागले. कमळूने मला हात लावून पाहिला आणि सगळ्यांना गरम असल्याचे सांगितले. बायकांनी झोपाळ्याला झोका दिला तेव्हा कडी करकरली, आणि मला वाटले दुसऱ्यांदा जातो की काय.

गुणाबाई कानात काय बोलली, ते तू मला तीनदा विचारलेस. ते नाव नव्हते. ती म्हणाली, “आता मेलास तं बघ.” मग वर तोंड करून मोठ्याने अनंता म्हणाली.

आता मुद्द्याचे. झोपाळ्यावरून मी उतरत असताना तू हात वर करून सर्वांसमक्ष सांगितलेस की पुनर्जन्म झालेल्याने सव्वा महिना समुद्र ओलांडू नये, असा नियम आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. नंतर घरी येऊन बोटे मोजली. सव्वा महिना मार्चमध्ये संपतो. माझे विमान येत्या रविवारी आहे.

मंगळवारी चष्म्यासाठी शहापूरला गेलो होतो. ज्या सद्गृहस्थांच्या संग्रहात तुला ती पाने मिळाली, त्यांच्याकडेही गेलो. फार विद्वान आहेत. त्यांनी सगळे ग्रंथ उलगडले. मुलाला घराबाहेर कधी न्यावे ते सापडले. समुद्राचे कोठे सापडले नाही. ते म्हणाले, ज्यांनी हे ग्रंथ लिहिले त्यांच्या काळी तान्ही मुले समुद्र ओलांडत नसत. शिवाय तुझ्या दारातून इकडे येताना मी भातसा नदीचा पूल ओलांडला, आणि निघताना तू एस.टी.च्या खिडकीशी उभा राहून केळी देत होतास. पाण्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस.

तेव्हा ग्रंथाचे नाव आणि पान कळव. अठरा वर्षांपूर्वी तुझी एक ओळ मी प्रश्न न विचारता पाळली. तिचे काय झाले ते आपण दोघांनी पाहिले. या खेपेस विचारून घेतो. पत्र सुनिलच्या हाती देत आहे, त्याचा दुधाचा टेम्पो रोज धसईवरून जातो. उत्तर त्याच्याच हाती दे. रविवारी सकाळची रिक्षा मी सांगून ठेवली आहे.

तुझा
अनंता

*

॥ श्री ॥

धसई
२० फेब्रुवारी २०२६

चि. अनंता यास पंढरीनाथाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सुनिल अंगणात टेम्पो चालू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आयुष्यात प्रथमच.

ग्रंथाचे नाव नाही. पानही नाही. समुद्राचा नियम कोठेच नाही. झोपाळ्यावर तू बसला होतास तेव्हा तुझ्या सदऱ्याच्या खिशातून तिकिटाचा कागद वर आला होता. तारीख मोठ्या अक्षरात होती, मला चष्म्याशिवायही वाचता आली. दिवस मोजले. सव्वा महिना पुरत होता. मग हात आपोआप वर गेला.

अनंता, गेली साठ वर्षे मी जे जे बोललो त्यामागे कोणा ना कोणा ऋषीचे नाव होते. या एका वाक्यामागे मी एकटाच उभा आहे. तू माझ्याकडे प्रमाण मागितलेस. प्रमाण एवढेच की तू जाऊ नयेस असे मला वाटते. हे लिहिताना हात थांबला नाही. सर्वांत वरची ओळ पाहा. तीही मी न थांबता लिहिली.

फोटो बारशाच्या आदल्या दिवशीच उतरवला होता. हार नदीत सोडला. भिंतीवरचा खिळा मात्र निघेना, खोल बसला आहे. त्याला तुझी छत्री टांगली आहे. कमळूकडून ती मी स्वतः मागून आणली. दान दिलेले परत मागू नये, हे तुला मीच लिहिले होते. कमळू म्हणाला, “ज्याची हाय तोच परत आला, मंग मी कशाला ठेवू गुरुजी.” मला हे कोणत्याही पोथीत सापडले नव्हते.

उद्या गुणाबाईला घेऊन जेवायला ये. वडे, खीर आणि अळूवडी सांगितली आहे. पहिला घास काढून छपरावर ठेवण्याची सूनबाईला सवय झाली आहे, म्हणून तिला आज दोनदा बजावले की तो आता ताटात वाढायचा.

गुणाबाईला एवढे सांग की ती म्हणाली ते खरे होते. आज सकाळी मी मुद्दाम शिडी आणून छपरावर पाहिले. कोंबड्याच होत्या.

तुझा
पंढरीदादा